वर्षालीचा गुत्ता

वर्षाली आमच्या गल्लीत पहिल्यांदा एकटी आली ती नवऱ्याची तेरवी झाल्यावर. हातगाडीवर गवत कापायचं मशीन, पेट्रोलची बाटली आणि पोत्यात गुंडाळलेली दोन-तीन खुरपी. मी फाटकाशी पेपर घ्यायला आले होते. तिने गाडी माझ्या भिंतीला टेकवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आजी, लॉन आता मीच पाहीन."

आमची कॉलनी अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. सरकारी नोकरीतल्या लोकांना इथे प्लॉट मिळाले तेव्हा एकाने घरापुढे लॉन केलं म्हणून दुसऱ्याने केलं आणि मग ते नसणं कमीपणाचं वाटू लागलं. मी अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टर आम्हाला गवतावर पाय ठेवू देत नसत. म्हणून की काय, आपलं स्वतःचं लॉन असावं आणि त्यावर अनवाणी चालावं एवढी एक हौस माझ्या मनात होती. ती यजमानांनी पुरवली. पण अकोल्याचं ऊन आणि बोअरचं खारट पाणी यांत गवत हिरवं ठेवणं हे हौसेचं काम राहत नाही. माणूस लावावा लागतो. आमच्या गल्लीचा माणूस धर्मेंद्र होता.

धर्मेंद्र पातूरकडचा, माळ्याच्या घरचा. थोरल्या भावाबरोबर वाटणी न करता शेत त्याच्यावर सोडून तो शहरात आला होता. दर महिन्याला पैसे घ्यायचा, कमी बोलायचा, काम नेटकं करायचा. उन्हाळा लागायच्या सुमारास बाळापूर रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला टिप्परने धडक दिली. मोटारसायकल भंगारात गेली. मशीन त्या दिवशी घरी होतं म्हणून राहिलं.

वर्षालीचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, भाजीपाला करणारं घर. मूलबाळ नव्हतं. तेरवीला थोरला दीर शेखर आला होता आणि त्याने तिला घरी चल म्हटलं होतं. वाईट माणूस नाही तो. त्याचं म्हणणं असं की एकटी बाई शहरात कशाला राहील, लोक बोलतील, आणि वावरात कामाला हात लागतातच. तिने एक वर्ष मागून घेतलं. त्याने दिलं. आखजीपासून आखजीपर्यंत, म्हणजे या अक्षय तृतीयेपासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत. आमच्याकडे सालगड्याचं साल त्याच दिवशी बदलतं, म्हणून कोणतीही मुदत घालायची तर लोकांच्या तोंडी तोच दिवस येतो. तेवढ्यात जमलं तर तिने राहावं, नाही जमलं तर बोचकं बांधून निघावं, असं दोघांत ठरलं. हे तिने मला त्या पहिल्या सकाळीच सांगितलं, जशी एखादी बाई भाड्याच्या खोलीची अट सांगते तसं.

मशीन तुला चालवता येतं का, मी विचारलं. ती म्हणाली, पेट्रोल टाकायला आणि पातं बदलायला घरी मीच होते, आता दोरी ओढायची तेवढी बाकी आहे. मग तिने दोरी ओढून दाखवली. तिसऱ्या झटक्याला मशीन लागलं.

आवाज ऐकून समोरच्या बंगल्यातले खुशालराव बाहेर आले. खुशालराव बँकेतून निवृत्त झालेले, वरूडला वडिलोपार्जित संत्र्याचा बाग, आणि कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "अन् घेशील काय?"

"ते घेत होते त्याच्या निम्मे द्या, भाऊसाहेब," वर्षाली म्हणाली. "बाईच्या हातचं काम आहे."

खुशालराव माझ्याकडे पाहून हसले. "स्वतःच्याच तोंडानं निम्मे म्हणते. पोरगी सरळ आहे."

ती सरळ होती, पण हा सरळपणाचा प्रश्न नव्हता. वऱ्हाडात निंदायला जाणाऱ्या बाईचा रोज पुरुषाच्या रोजाच्या निम्मा असतो. तिच्या आईचा तसा होता, सासूचा तसा होता, तिचाही तसाच होता. बाईच्या कामाचा भाव कुणी ठरवलेला आहे असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि तिने दुसरंही एक केलं, ज्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. ती महिन्याचे पैसे नको म्हणाली. गुत्त्यानेच घेते म्हणाली.

गुत्ता म्हणजे अख्ख्या कामाचा एकच ठरलेला आकडा. चार एकर कपाशी निंदायची, इतके पैसे, मग तुम्ही दोन दिवसांत उरका की पाच. बायांना गुत्ता आवडतो. कंबर मोडून काम केलं की लवकर मोकळं होता येतं आणि दुसऱ्या वावरात उभं राहता येतं. वर्षालीने प्रत्येक घराशी आखजी ते आखजी असा गुत्ता केला. निम्मे पैसे लगेच, निम्मे दिवाळीला. आलेल्या पैशांतून तिने मशीन दुरुस्त करून घेतलं आणि धर्मेंद्रच्या दवाखान्याची बाकी चुकवली.

बाईने निम्म्या भावात लॉन धरलं, ही बातमी कॉलनीतून कॉलनीत गेली. पावसाळा लागायच्या आत तिच्याकडे धर्मेंद्रपेक्षा तिप्पट घरं झाली. एक दातांचा दवाखाना आला. बायपासवरचं एक लग्नाचं लॉन आलं. आमच्याकडे मोकळ्या जागेवरच्या मंगल कार्यालयाला लॉनच म्हणतात, आणि तिथे खरोखरच एकरभर गवत असतं. त्या मालकानेही निम्मे ऐकल्याबरोबर हो म्हटलं. वर्षाली तेव्हा आनंदात होती. मला पेढा दिला. कुणाच्याही तोंडून एकदाही नाही ऐकावं लागलं नाही, असं तिने सांगितलं. धंदा इतक्या सहज वाढताना पाहून मलाही बरं वाटलं.

हाताखाली तिने तिच्या वस्तीतल्या निंदणाऱ्या बायाच घेतल्या. आशाबाई वयाने सगळ्यांत मोठी आणि तोंडाने सगळ्यांत सैल, दामिनी तरुण, आणि आणखी दोघी येऊन जाऊन. त्या शेतातल्यासारख्या ओळीने बसत, जिची तिची पात, म्हणजे आपापल्या वाट्याची ओळ, धरून पुढे सरकत आणि गवतातला मोथा खुरप्याने मुळासकट काढत. आमच्या लॉनमधलं गवत म्हणजे हरळीच. नर्सरीवाले तिला भारी नाव देऊन विकतात, पण बायांनी पहिल्याच दिवशी ओळखली. आयुष्यभर जी वावरातून उपटून बांधावर फेकली तिला जपायचं म्हणजे त्यांचा हात अडायचा.

"माह्या सासऱ्यानं ह्या हरळीपायी मले जनमभर शिव्या देल्ल्या," आशाबाई म्हणायची. "मुळी राहिली म्हणे वावरात. अन् हे मोठे लोक तिले पाणी पाजून राहिले."

"तुह्या सासऱ्याले इकडे आण एखाद दिवस," दामिनी म्हणायची. "बंगला पाहून त्याची बोलतीच बंद होईन."

"त्याची काय बंद होते. तो तं बंगलाच निंदून काढीन."

मी व्हरांड्यात बसून ऐकायची. घरात बोलणारं कुणी नसलं की दुसऱ्यांचं बोलणं फार चांगलं ऐकू येतं. वर्षाली बोलण्यात नसायची. ती मशीनमागे चालायची, आणि बायांना ती पुरुषाच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त रोज द्यायची. आशाबाईने मागितला म्हणून नाही. सुरुवातीला घरं धडाधड आली आणि तिला वाटलं परवडतं.

पोळ्याच्या सुमारास मला पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. मशीन बंद करून ती पायरीवर बसली होती आणि नुकत्याच कापलेल्या गवताकडे पाहत होती. पावसाने जोर धरला होता. आठवड्यापूर्वी कापलेलं गवत पुन्हा घोट्यापर्यंत आलं होतं आणि हे सगळ्या घरी एकाच वेळी चाललं होतं.

"निंदण सरते आजी," ती म्हणाली. "दोन निंदणं झाले का कपाशी झाकून घेते, मंग बाई मोकळी. हे सरतच नाही."

मी तिला आत बोलावून चहा दिला आणि म्हटलं, आधी खर्च तर मांडू. तिने तोंडाने सांगितलं, मी बोटांवर धरलं. पेट्रोल. पात्याला धार. बायांचा रोज. बायपासपर्यंत हातगाडी जात नाही म्हणून ऑटो. मग मी विचारलं, तुझा रोज?

ती गोंधळली. "माहा काय रोज. मी तं घरचीच आहे."

धर्मेंद्रच्या महिन्याच्या पैशांत धर्मेंद्रचा रोज होता. बारा महिन्यांच्या गुत्त्यात वर्षालीचा कुठेच नव्हता. खर्च जाऊन जे उरत होतं त्यात खोलीचं भाडं निघत होतं आणि तेवढंच. घर जितकं जास्त, तितकं काम जास्त, आणि उरायचं तेवढंच. मी तिला सांगितलं, लोकांशी बोल. महिन्याने घे, आणि लॉनच्या आकाराप्रमाणे घे. ती म्हणाली, बोली झालेली आहे. गुत्ता धरल्यावर मधातून भाव वाढवणारीला बायाच नाव ठेवतात. आशाबाईचंही तेच मत पडलं. दिवाळीचे पैसे आले आणि दोन आठवड्यांत संपले, तेव्हा मात्र ती स्वतःच म्हणाली, आजी, तुमी या संगं, मी बोलून पाहतो.

खुशालरावांच्या व्हरांड्यात आमच्या गल्लीची बैठक झाली. आठ-दहा माणसं, बहुतेक निवृत्त. खुशालरावांनी वरूडच्या संत्र्यांची टोपली मधे ठेवली होती आणि सगळे सोलून खात होते. वर्षालीलाही दिलं, तिने हातात धरून ठेवलं. ती उभीच होती. तिने जे ठरवून आणलं होतं ते नीट सांगितलं. वर्ष आहे तसं जाऊ द्या, पण आतापासून महिन्याला थोडं वर द्या, पेट्रोलपुरतं तरी.

कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, आम्ही पेन्शनवर जगणारी माणसं. कुणी म्हणालं, धर्मेंद्र असा मधेच कधी आला नव्हता. खुशालराव मात्र तिच्यावर चिडले नाहीत. त्यांनी संत्र्याची साल कागदात गोळा केली आणि शांतपणे तिला समजावलं. पुढे मी पुष्कळदा त्या बोलण्याचा विचार केला. त्यांच्या बाजूने त्यात खोट नव्हती.

"हे पाह्य वर्षाली. मी माहा बाग फुलावर देतो. झाडाले फूल दिसलं का व्यापारी येते, एक आकडा ठरते. मंग गारपीट झाली तं त्याची, भाव चढला तं त्याचा. मागल्या साली भाव दुप्पट झाला. गेलो का मी त्याच्या दारात, का बाप्पा, मले अजून दे म्हणून?"

"नाही गेले."

"काहून नाही गेलो?"

"बोली होती."

"मंग."

वर्षालीने हातातलं संत्रं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाली, "तुमचा बाग एकदा तुटते, भाऊसाहेब. हे रोज उगवते."

कुणीतरी हसलं. खुशालरावही हसले आणि म्हणाले, हे तू बोली करताना पाहायला पाहिजे होतं. पुढल्या आखजीला नवीन भाव सांग, आम्ही ऐकून घेऊ. त्यावर बैठक उठली. मी माझे पैसे त्याच महिन्यापासून वाढवून देते म्हटलं, तर तिने घेतले नाहीत. एकटीचे घेतले तर बाकीच्यांची बोली मोडल्यासारखी होईल, असं तिचं म्हणणं पडलं. संत्रं तिने जाताना माझ्या फाटकाच्या खांबावर ठेवलं.

पुढल्या आखजीला नवीन भाव. म्हणजे तोपर्यंत टिकायचं होतं. हिवाळाभर ती टिकली. गवत थंडीत कमी वाढतं, तेवढा दम मिळाला. पण खारट पाण्याने जमिनीवर पांढरा थर येऊ लागला, आणि तो धुऊन काढायला नळाचं पाणी लागतं, आणि नळ आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतो. ज्या घरी नळ आला त्या घरी ती धावायची. मला ती माझ्या कॉन्व्हेंटमधल्या, एकाच वेळी दोन वर्गांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंसारखी दिसायची. कायम दारात उभी, निम्मं लक्ष दुसरीकडे.

होळीनंतर ऊन तापलं. धर्मेंद्र उन्हाळ्यात दहाच्या आत काम आटपून घरी जायचा. वर्षालीने सुरुवातीला तसंच केलं. मग घरं उरायला लागली तशी ती अकरापर्यंत थांबू लागली, मग बारापर्यंत. बाया डोक्याला ओले रुमाल बांधून बसायच्या. मी दोनदा तिला म्हटलं की काही घरं सोडून दे. पैसे घेऊन बसली आजी, ती म्हणाली, सोडू कसं.

लग्नसराई सुरू झाली. बायपासवरच्या त्या लग्नाच्या लॉनमध्ये एक लग्न उठलं की दुसरं उभं राहायचं. जेवणाच्या पंगतीने तुडवलेलं, तेलकट झालेलं गवत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उभं करून द्यायचं. तिथे मी नव्हते. दामिनीने मला सांगितलं ते लिहिते. भर दुपार होती. मांडववाल्यांनी सावलीची बाजू अडवली होती म्हणून बाया उघड्यावर बसल्या होत्या. आशाबाईचं बोलणं बंद झालं हे दामिनीच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं, कारण आशाबाई गप्प बसली असं कधी झालंच नव्हतं. मग ती बोलायला लागली ती सासऱ्याशी. मामंजी, मुळी काढली, मामंजी, मुळी काढली. आणि चांगली हरळी मुठी मुठीने उपटत सुटली. अंगाला हात लावला तर तवा, आणि घाम नाही. वर्षालीने तिला पाण्याच्या टाकीखाली धरलं, ऑटोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

आशाबाई वाचली. पण तिचा उजवा हात थरथरतो आणि माणसं ओळखायला तिला वेळ लागतो. तिचा मुलगा श्याम गॅरेजमध्ये काम करतो. तो वर्षालीशी भांडला नाही. दवाखान्याच्या दारात एवढंच बोलला. "निम्म्या भावात घेतलं तं निम्मंच काम कराले पाहिजे होतं, ताई."

हे वर्षालीनेच मला सांगितलं. सांगताना ती रडली नाही. उपटलेल्या गवताबद्दल लग्नाच्या लॉनवाल्याने तिला दुसऱ्या दिवशी फोन केला होता, तेही सांगितलं.

बाकीच्या दोघी त्याच आठवड्यात यायच्या बंद झाल्या. दामिनी राहिली. आणि मग एका सकाळी नितेश आला. हिरवा टी-शर्ट, छातीवर त्याच्या कंपनीचं नाव, मागे छोट्या टेम्पोत दोन नवी मशीनं. शेतकीचा डिप्लोमा केलेला, तिवशाकडचा मुलगा. तो माझ्या फाटकाशी थांबला कारण वर्षाली माझ्या लॉनवर होती. बोलण्यात अदब होती.

"ताई, तुमच्या भावापायी वर्षभर मले ह्या बाजूचं एक घर भेटलं नाही," तो म्हणाला. रागाने नाही, माहिती द्यावी तसं.

"तुमी किती घेता?"

त्याने सांगितलं. आकडा धर्मेंद्रच्या दीडपट होता, म्हणजे वर्षालीच्या तिप्पट, आणि तो दर महिन्याला घेत होता. खताचे वेगळे.

"अन् देतात?"

"देतात. पावती मागतात, बाकी काही बोलत नाहीत."

"मले काहून नाही देल्ले?"

"तुमी मांगितलेच नाही."

वर्षाली मशीनच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. नितेशने मग त्याचं काम सांगितलं. आखजीनंतर या कॉलनीतली घरं तो घेणार होता, खुशालरावांशी बोलणं झालं होतं. वर्षालीने त्याच्याकडे यावं. बायांवर मुकादम म्हणून. बाया तिच्याच ठेवू, नव्या कुठे शोधायच्या.

"रोज काय देसान बायाइले?" तिने विचारलं.

"बायांचा जो चालू आहे तो."

त्याला त्यात काही लपवायचं नव्हतं. जो भाव बाजारात आहे तो. वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोरी ओढली. मशीन लागल्यावर त्या आवाजात ती काय म्हणाली हे त्याला ऐकू गेलं नसावं. मला गेलं. "माहा गुत्ता आखजीपर्यंत आहे."

दामिनीला तिने स्वतःच नितेशकडे पाठवलं. घरी बसलेला नवरा आणि दोन लेकरं, तिला महिनाभर बिनरोजाचं ठेवून काय करायचं. त्यानंतर आखजीपर्यंत ती एकटी होती. आता कुठूनही एक पैसा यायचा नव्हता, सगळे दिवाळीलाच आले होते. तिने सोडून दिलं असतं तर कुणी तिच्या मागे पातूरपर्यंत आलं नसतं. मी तसं म्हटलं. तेव्हा तिने मला एखाद्या अडाण्याला सांगावं तसं सांगितलं की अर्धा गुत्ता टाकून गेलेल्या बाईला पुन्हा कुणी वावरात उभं करत नाही. शहरातली गोष्ट गावात पोहोचायला वेळ लागत नाही. आणि आता तिला वावरातच जायचं होतं.

म्हणजे तिला कळून चुकलं होतं. नवीन भाव सांगायची वेळ येणार नव्हती.

ती उजाडायच्या आधी निघायची आणि ऊन चढलं की घरी जाऊन पुन्हा चारला निघायची. बायपासवरचं लग्नाचं लॉनही तिने सोडलं नाही. आशाबाईने उपटलेल्या जागेत तिने माझ्या लॉनच्या कडेची हरळी नेऊन लावली आणि ती धरली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी ताक ठेवायची, ती उभ्याउभ्या प्यायची. एकदा मला वाटलं आता ही पडते, पण ती फक्त खाली बसून मोथा काढत होती.

आखजीच्या सकाळी घरोघरी पितरांसाठी नव्या घागरी भरल्या जात होत्या. तिने शेवटचं घर माझं ठेवलं होतं. शेखर भाड्याचा टेम्पो घेऊन आला आणि फाटकाबाहेर थांबला. तिचं सामान त्यात आधीच होतं, फार नव्हतं. तो वाट पाहता पाहता मशीनभोवती फिरला, इंजिन कसं आहे ते वाकून पाहिलं आणि म्हणाला की फवारणीच्या पंपाले बसन हे. वर्षालीने कडा सारख्या केल्या, कापलेलं गवत गोळा करून पोत्यात भरलं आणि नळावर पाय धुतले. मी तिला जेवून जा म्हटलं. शेखर म्हणाला, ऊन होईल, घरी घागर भरायची राहिली, वर्ष सरल्यावरची धर्मेंद्रची पहिलीच आखजी आहे. ते खरंच होतं.

ती टेम्पोत चढत होती तेवढ्यात खुशालराव त्यांच्या फाटकाशी आले. त्यांच्या लॉनचा तुळशीमागचा कोपरा राहिला आहे म्हणाले. मला वाटलं शेखर काही बोलेल. तो टेम्पोला टेकून उभा राहिला. वर्षाली खाली उतरली, खुरपं घेतलं, आत गेली आणि कोपरा करून आली. खुशालरावांनी तिला नमस्कार करू दिला आणि म्हणाले, "सुखी राह्य. साल पुरं केलं तू."

टेम्पो गेल्यावर मी आत आले. रोजनिशीत त्या दिवशी तिचं नाव लिहून पुढे मी काहीच लिहिलेलं नाही.

नितेशची माणसं दुसऱ्याच आठवड्यात आली. खुशालरावांनी सगळ्यांत आधी त्याच्या कागदावर सही केली. चांगलं काम पाहिजे तर पैसे मोजावेच लागतात, असं ते मला म्हणाले. कोपऱ्यावरच्या बाईंनीही तिप्पट पैसे देताना पेन्शनचं नाव काढलं नाही. दोन मुलं मशीन चालवतात, त्यांना पुरुषाचा रोज आहे. बाया मागे बसून मोथा काढतात.

श्रावणात दामिनी माझ्या लॉनवर आली होती. हिरवा टी-शर्ट तिने साडीवर घातला होता. मी तिला ताक दिलं आणि वर्षालीची विचारपूस केली. दामिनीची मावशी पातूरला असते, तिच्याकडून कळलं होतं. गावात बायांचं टोळकं कपाशीचा गुत्ता ठरवायला बसलं तेव्हा वर्षाली मधेच बोलली की गुत्ता घेऊ नका, रोजाने घ्या, आणि माणसाच्या बरोबरीचा मागा. सगळ्या बाया हसल्या. जिचं वावर होतं ती शेखरला जाऊन म्हणाली, तुह्या भावजयीले शहराचं वारं लागलं. तेव्हापासून शेखर तिला दुसऱ्याच्या वावरात पाठवत नाही. ती घरच्याच वावरात निंदते. घरच्या वावरात रोज नसतो.

"आशाबाई कशी आहे?" मी विचारलं.

"मले ओळखते कधी कधी."

मग मी तिला विचारलं की नितेश रोज काय देतो. तिने सांगितलं. वर्षाली द्यायची त्यापेक्षा तो कमी होता.

"अन् पहिल्या महिन्यात ह्याचे पैसे कापले," दामिनी टी-शर्टला चिमटीत धरून म्हणाली. ताकाचा गिलास तिने नळावर विसळला, पायरीवर पालथा ठेवला आणि जाऊन आपली पात धरली.